ओस बाकांसमोरचे विजेते

19 ऑक्टोबर 1988. त्या दिवशी जपानमधले बेसबॉलवेडे लोक टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हते. कावासाकीच्या जुनाट स्टेडियमवर किंतेत्सु बफेलोज हा संघ एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने खेळत होता. दोन्ही जिंकले तर पॅसिफिक लीगचं, म्हणजे जपानमधल्या दोन मोठ्या लीगपैकी एकीचं, विजेतेपद, नाहीतर काहीच नाही. पहिला सामना त्यांनी 4-3 असा जिंकला. दुसरा रात्रीपर्यंत ताणला गेला, ठरावीक वेळेनंतर नवा डाव सुरू करता येत नाही या नियमात अडकला आणि 4-4 वर बरोबरीत सुटला. विजेतेपद हातचं गेलं. त्या रात्रीबद्दल जपानमध्ये आजही लोक हळवे होऊन बोलतात.

त्याच दिवशी, हे सगळं ऐन रंगात असताना, तिकडे ओसाकात हांक्यू रेल्वेचे अधिकारी पत्रकारांसमोर बसले आणि त्यांनी जाहीर केलं की 1936 पासून चालवलेला आपला बेसबॉल संघ, हांक्यू ब्रेव्ह्ज, कंपनी ओरिएंट लीज नावाच्या वित्तसंस्थेला विकत आहे. तीन वेळा जपानचा विजेता ठरलेला, दहा वेळा पॅसिफिक लीग जिंकलेला संघ. त्याच्या अखेरीची बातमीसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या तरी सामन्याच्या गलक्यात आली.

मला या संघाचा लळा लागला तो याच कारणाने. कामानिमित्त काही काळ ओसाकाच्या बाजूला राहायला होतो. तिथे बेसबॉलचा विषय निघाला की हानशिन टायगर्स सोडून दुसरं नाव ऐकू येत नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेली माणसं लोकल गाडीत, दारूच्या गुत्त्यात, लहान मुलांच्या शाळेबाहेर, सगळीकडे. ब्रेव्ह्जचं नाव मात्र कुणी आपणहून काढत नसे. विचारलं तर एखादा वयस्कर गृहस्थ जरा थांबून, आवाज खाली आणून सांगायचा की मी लहानपणी हांक्यूचा होतो. आणि मग तो बोलायला लागला की थांबायचा नाही. त्या बोलण्यातून, मग जुन्या चित्रफितींमधून हा संघ मला हळूहळू कळत गेला, आणि कळला तसा एक प्रश्न मनात घर करून राहिला. इतका चांगला संघ बघायला लोक का येत नव्हते?

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे आयपीएलच्या संघांना शहरांची नावं आहेत, मालक मागे असतात. जपानमध्ये संघाच्या नावात पहिला मान कंपनीचा. रेल्वे, वर्तमानपत्र, चित्रपट कंपनी, मांस विकणारी कंपनी, दुग्धपदार्थांची कंपनी. मुंबईत ज्यांनी टाइम्स शील्डचे सामने पाहिलेत त्यांना हे नवं वाटणार नाही. मफतलाल, निरलॉन, एसीसी, टाटा अशा नावांनी संघ मैदानात उतरायचे आणि आझाद मैदानाच्या कडेला उभे राहून लोक कंपनीच्या नावाने खेळाडूंना ओळखायचे. कंपनीची मर्जी फिरली की संघ जातो, हेही आपण पाहिलेलं आहे. महिंद्रा युनायटेडसारखा फुटबॉलचा नावाजलेला संघ 2010 मध्ये बंद झाला, तेव्हा मैदानावर त्याने काही वाईट केलं होतं म्हणून नव्हे. हांक्यूचं प्रकरण याच जातीचं, फक्त कितीतरी मोठं.

संघाच्या मुळाशी जायचं तर इचिझो कोबायाशी या माणसापाशी जावं लागतं. 1873 मध्ये यामानाशी प्रांतात जन्मलेला, मित्सुई बँकेत नोकरी केलेला हा माणूस रेल्वेच्या धंद्यात पडला तेव्हा त्याच्या वाट्याला आलेली लाइन कुणालाही नको होती. ओसाकाच्या उमेदा स्थानकापासून ताकाराझुकापर्यंत. वाटेत मोठं शहर नाही, कारखाने नाहीत, नुसती शेतं. 1910 च्या मार्चमध्ये गाड्या सुरू झाल्या, पण बसणार कोण? कोबायाशींनी उलटा विचार केला. प्रवासी नाहीत तर प्रवासी तयार करायचे. लाइनच्या कडेने जमिनी घेतल्या, घरं बांधली आणि ती हप्त्याहप्त्याने पैसे फेडायच्या सोयीवर पगारदार माणसांना विकली. ही माणसं रोज सकाळी ओसाकाला कामावर जाणार, संध्याकाळी परतणार. विरार-चर्चगेटचं गणित ज्याला ठाऊक आहे त्याला पुढची अडचण लगेच दिसेल: सकाळी शहराकडे जाणारी गाडी खच्चून भरलेली आणि उलट दिशेने जाणारी मोकळी. रविवारी तर दोन्हीकडून मोकळी.

ती मोकळी गाडी भरण्यासाठी कोबायाशींनी लाइनच्या शेवटच्या टोकाला, ताकाराझुकाला, गरम पाण्याचे झरे आणि करमणुकीची ठिकाणं उभी केली. 1913 मध्ये तिथे मुलींचं गायनपथक सुरू केलं. त्यातूनच सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात ते ताकाराझुकाचं संगीत रंगमंडळ वाढलं, आणि ते आज शंभरी ओलांडूनही भरल्या नाट्यगृहात चालू आहे. 1929 मध्ये उमेदा स्थानकातच डिपार्टमेंट स्टोअर उघडलं, म्हणजे गाडीतून उतरलेला माणूस सरळ दुकानात. घर आमचं, गाडी आमची, दुकान आमचं, नाटक आमचं. जपानमधल्या इतर खाजगी रेल्वे कंपन्यांनी पुढे हाच कित्ता गिरवला.

बेसबॉलही त्याच हिशेबात आला. हे कळल्यावर मला आधी थोडं वाईट वाटलं होतं, खेळाचा जन्म तिकिटाच्या खिडकीत झाला म्हणून. पण कोबायाशींचं बेसबॉलशी नातं तेवढंच नव्हतं. टोकियोत एक व्यावसायिक संघ होता, 1923 च्या भूकंपात त्याचं मैदान गेलं आणि तो मोडला. कोबायाशींनी 1924 मध्ये त्या संघाला आसरा दिला, ताकाराझुकाला नेलं, मैदान दिलं. त्या वेळी जपानमध्ये व्यावसायिक लीगच नव्हती. हा संघ खेळायचा कुणाशी? विद्यापीठांशी, हौशी संघांशी. सगळ्या रेल्वे कंपन्यांनी आपापले संघ काढावेत, आपापल्या लाइनवर मैदानं बांधावीत आणि आपसांत स्पर्धा खेळवावी, असं स्वप्न कोबायाशींनी तेव्हाच मांडलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही आणि 1929 मध्ये ताकाराझुकाचा संघ बंद पडला. म्हणजे हांक्यूचा एक संघ आधीच काळाच्या पोटात गेला होता, दुसरा जन्मायच्याही आधी.

पुढे लीग आली. 1935 च्या डिसेंबरात शेजारच्या आणि हाडवैरी असलेल्या हानशिन रेल्वेने टायगर्स संघ काढला. कोबायाशी तेव्हा परदेश दौऱ्यावर होते. तिथून त्यांची तार आली की ताबडतोब संघ उभा करा आणि मैदानाची तयारी करा. जानेवारी 1936 मध्ये हांक्यूचा संघ स्थापन झाला, 1 मे 1937 ला निशिनोमियाचं स्टेडियम उघडलं. हांक्यूच्या कोबे लाइनवर, ओसाका आणि कोबे यांच्या मधोमध, स्थानकातून उतरून चालत जाता येईल असं. जागेची निवड रेल्वेच्या दृष्टीने अचूक होती. एक गोष्ट सोडून. टायगर्सचं कोशिएन मैदान त्याच निशिनोमिया शहरात होतं.

कोशिएन म्हणजे जपानी बेसबॉलचं पंढरपूर. 1924 पासून शालेय मुलांची स्पर्धा तिथे भरते, देशभरची मुलं तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. त्या मैदानाच्या सावलीत दुसरं मैदान वाढवणं कठीणच होतं. त्यात टायगर्स सेंट्रल लीगमध्ये, म्हणजे टोकियोच्या योमिउरी जायंट्सच्या लीगमध्ये. जायंट्सचे सामने देशभर टीव्हीवर दिसत, त्यांच्याशी खेळणारा प्रत्येक संघही दिसे. हांक्यू मात्र 1950 मध्ये लीगचे दोन भाग झाले तेव्हा पॅसिफिक लीगमध्ये गेलं. तिथे कितीही चांगलं खेळा, टीव्ही यायचा नाही.

सुरुवातीच्या काळात बघण्यासारखं फार होतं असंही नाही. युद्धानंतर 1947 मध्ये संघाला ब्रेव्ह्ज हे नाव मिळालं, पण 1950 आणि 60 च्या दशकात लोक त्याला करड्या रंगाचा संघ म्हणत. ना पहिला, ना शेवटचा. त्यातही दोन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, असे होते की त्यांच्यापुढे मान झुकते. तेत्सुया योनेदा, ज्याचे कारकिर्दीतले 350 विजय जपानमध्ये आजही दुसऱ्या क्रमांकावर आहेत. आणि ताकाओ काजिमोतो, 254 विजय आणि 255 पराभव. काजिमोतोची ती आकडेवारी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ त्यावरच अडकून राहिलो. एका पराभवाने तोल दुसऱ्या बाजूला गेलेला. वीस वर्षं मधल्या फळीतल्या संघासाठी चेंडू टाकत राहिलेल्या माणसाची ती दैनंदिनी आहे.

1963 मध्ये युकिओ निशिमोतो व्यवस्थापक झाले आणि संघाचं नशीब बदललं. खरं तर नशीब म्हणू नये, घाम म्हणावं. निशिमोतो कडक. सराव बेसुमार. 1966 च्या शरद ऋतूत त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. खेळाडूंना कागद वाटले आणि विचारलं: मी तुमचा व्यवस्थापक राहावं असं तुम्हाला वाटतं का? हो किंवा नाही लिहा. काही कागदांवर नाही आलं. एकही नकार आला तर काय समजायचं ते त्यांनी मनाशी ठरवलेलं असावं, कारण त्यांनी लगेच राजीनामा दिला. मालकांनी मनधरणी करून त्यांना परत आणलं. पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, हांक्यूने पहिल्यांदा पॅसिफिक लीग जिंकली. त्या विश्वासमताबद्दल मी जितका विचार करतो तितका निशिमोतोंबद्दलचा आदर वाढतो. मैदानात सर्वेसर्वा असलेल्या माणसाने आपलं स्थान आपल्याच शिष्यांच्या हातात ठेवलं.

1967, 68, 69, 71, 72. पाच वेळा निशिमोतोंनी हांक्यूला जपान सिरीजपर्यंत, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेपर्यंत, नेलं आणि पाचही वेळा जायंट्सकडून हार पत्करावी लागली. जायंट्स तेव्हा सलग नऊ वर्षं अजिंक्य होते, त्यांचे बॅटर सादाहारू ओह आणि शिगेओ नागाशिमा ऐन भरात होते. या पराभवांमधला एक क्षण जपानी बेसबॉलमध्ये अजरामर झाला आहे. 1971 ची सिरीज, टोकियोतला तिसरा सामना. तेवीस वर्षांचा हिसाशी यामादा, जमिनीलगत हात नेऊन खालून चेंडू फेकणारा देखणा पिचर, आठ डाव जायंट्सना एकही धाव न देता टिकला होता. हांक्यू 1-0 ने पुढे. नवव्या, शेवटच्या डावात दोन बाद, विजय एका बळीवर आलेला. नागाशिमाचा एक साधा फटका क्षेत्ररक्षकांमधून निसटला, आणि मग ओहने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. तीन धावा. सामना संपला. यामादा पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, टेकडीवर, खाली बसला तो उठेचना. निशिमोतो स्वतः चालत मैदानात गेले आणि त्याला सोबत घेऊन आले. ते दृश्य मी जुन्या फितीत पाहिलं. आजूबाजूला जायंट्सच्या लोकांचा जल्लोष आणि मधून हे दोघं चाललेले. यामादा पुढे 284 सामने जिंकला, 1976 पासून सलग तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या दिवसाने त्याला घडवलं असं तिथले लोक म्हणतात. मला विचाराल तर त्याला टेकडीवरून उठवायला आलेल्या माणसाने घडवलं.

आता युताका फुकुमोतो. या माणसावर स्वतंत्र लिहायला हवं, पण इथेही हात आखडता घेणार नाही.

बेसबॉलमध्ये बेस चोरणं म्हणजे काय ते क्रिकेटच्या माणसाला सांगायचं तर असं: बेस म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यांवरचे टप्पे, ते एकामागून एक गाठले की धाव होते. चेंडू बॅटला लागण्याची वाटच बघायची नाही. पिचरने फेकण्यासाठी अंग हलवलं की धावणाऱ्याने पुढच्या बेसकडे सुटायचं. कॅचर, म्हणजे बॅटरमागचा खेळाडू, चेंडू झेलून तिकडे फेकायच्या आत पोचायचं. सगळा खेळ तीन-सव्वातीन सेकंदांचा. फुकुमोतोने हे कारकिर्दीत 1065 वेळा केलं आणि 299 वेळा तो पकडला गेला. 1972 च्या एका हंगामात 106 वेळा. तो जपानी विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. 1970 ते 1982 अशी सलग तेरा वर्षं लीगमध्ये सर्वाधिक बेस चोरणारा तोच.

आणि हा माणूस कुणाला फारसा नको होता. उंचीने साडेपाच फुटांच्या आसपास. मात्सुशिता इलेक्ट्रिकच्या कंपनी संघात खेळायचा. 1968 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत हांक्यूने त्याला सातव्या फेरीत घेतलं. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीत सहकारी क्रीडा वर्तमानपत्र वाचत होता, फुकुमोतोने सहज विचारलं की काही विशेष आहे का, तर उत्तर आलं की अरे, तुझंच नाव आहे. त्याच निवडीत हांक्यूने यामादा आणि हिदेजी कातो यांनाही घेतलं. एका दिवसात तीन थोर खेळाडू.

फुकुमोतोचे पाय वेगवान होतेच, पण त्याचं खरं बळ निरीक्षणात होतं. एका ओळखीच्या माणसाला त्याने 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर समोरच्या पिचरांचं चित्रण करायला सांगितलं आणि ती फीत घरी पुन्हा पुन्हा पाहिली. पिचर पहिल्या बेसकडे फेकणार असेल तेव्हा त्याचा खांदा कसा असतो, बॅटरकडे फेकणार असेल तेव्हा टाच कशी उचलते, पाठ कुठे वळते. आज प्रत्येक संघाकडे यासाठी वेगळं खातं असतं. फुकुमोतो हे एकट्याने, घराच्या भिंतीवर करत होता. संघाची ती परंपराही होती. अमेरिकेतून आलेला डॅरिल स्पेन्सर पिचरांच्या बारीकसारीक सवयी वहीत टिपून ठेवायचा आणि सहकाऱ्यांना शिकवायचा. आणि फुकुमोतोच्या आधी हांक्यूचा चपळ धावपटू होता रोबेर्तो बार्बोन. तो 1955 मध्ये क्यूबाहून आला, मायदेशात क्रांती झाल्यावर परतीचा रस्ता बंद झाला, आणि मग तो इथलाच झाला. पुढे संघाचा दुभाषी म्हणून काम करताना अस्सल ओसाकाकडच्या बोलीत बोलायचा. 2023 मध्ये त्याचं निधन झालं. क्यूबाच्या माणसाला घर मिळालं ते एका जपानी रेल्वे कंपनीच्या बेसबॉल संघात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फुकुमोतोला रोखण्यासाठी दुसऱ्या कंपनीच्या संघात एक डोकं चालत होतं. नानकाई हॉक्सचे कात्सुया नोमुरा कॅचर होते आणि व्यवस्थापकही. कॅचरने कितीही जोरात फेकलं तरी या माणसाला गाठता येत नाही, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी पिचरांनाच बदललं. पाय उंच उचलायचा नाही, हालचाल तोकडी करायची, चेंडू झटपट सोडायचा. ती पद्धत आज जपानमधला प्रत्येक शाळकरी पिचर शिकतो. फुकुमोतो पळाला नसता तर ती आली नसती, निदान तेव्हा तरी नाही. या खेळातला एवढा मोठा बदल मोकळ्या मैदानांवर, पॅसिफिक लीगच्या दुर्लक्षित सामन्यांत घडला.

1983 मध्ये त्याने अमेरिकेच्या लू ब्रॉकचा 938 चा जागतिक विक्रम मागे टाकला. सरकारने त्याला राष्ट्रीय सन्मान देऊ केला. फुकुमोतोने नकार दिला. असलं काही घेतलं तर रस्त्याच्या कडेला उभं राहून लघवीसुद्धा करता येणार नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. विनोद म्हणून हे वाक्य खूप फिरलं. मला त्यात ओसाकाच्या मातीतल्या माणसाचं शहाणपण दिसतं: आपण कोण आहोत ते त्याला नीट माहीत होतं.

1973 च्या हंगामानंतर निशिमोतोंनी संघ सोडला, त्यांच्या जागी तोशिहारू उएदा आले आणि जे निशिमोतोंच्या हाती लागलं नाही ते संघाला मिळालं. 1975 मध्ये हिरोशिमाला हरवून पहिलं जपान विजेतेपद. 1976 मध्ये समोर पुन्हा जायंट्स. हांक्यूने पहिले तीन सामने जिंकले, मग तीन हरले. सहाव्यात तर 7-0 अशी आघाडी असूनही हरले. सातवा सामना टोकियोत, जायंट्सच्या घरी. चेंडू होता मित्सुहिरो आदाचीच्या हातात, गुडघ्याच्या दुखण्यासह खेळणारा जुना पिचर. सगळे बेस भरलेले, स्टेडियम जायंट्ससाठी ओरडत होतं, आणि आदाची टेकडीवर पुटपुटत होता म्हणे: ओरडा, अजून ओरडा. त्याने डाव सुटू दिला नाही. हांक्यू 4-2 ने जिंकलं. वर्षभर मूठभर लोकांपुढे खेळणाऱ्या माणसाला त्या दिवशी पन्नास हजारांच्या गर्जनेची भीती वाटली नाही. 1977 मध्ये जायंट्सना पुन्हा हरवलं, यावेळी सहज.

जग जिंकून संघ निशिनोमियाला परत आला आणि बाकं होती तशीच राहिली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मी अनेकांकडे मागितलं. कुणी टीव्हीचं कारण सांगितलं, कुणी कोशिएनचं. कुणी म्हणालं की त्या स्टेडियममध्ये मैदानावर जोडणीची धावपट्टी पसरून सायकल शर्यतीही होत, त्यावर पैसे लागत, त्यामुळे कुटुंबं फिरकत नसत. हांक्यू लाइनवरच्या टुमदार वस्तीतल्या लोकांना मैदानावरचा आरडाओरडा मानवत नव्हता, असंही एकाने सांगितलं. सगळी कारणं थोडी थोडी खरी असतील. माझं मत असं झालंय की संघ ज्यासाठी काढला होता ते काम उरलंच नव्हतं. 1910 मध्ये शेतांतून धावणारी मोकळी गाडी कोबायाशींना भरायची होती. 1970 च्या सुमारास त्या शेतांवर घरंच घरं झाली होती, गाड्या आपोआप भरत होत्या. आता रेल्वेला बेसबॉलची गरज नव्हती. आणि गरज नसलेल्या गोष्टीवर प्रेम करायला ताळेबंद शिकवत नाही.

80 च्या दशकाबद्दल थोडक्यात. 1984 मध्ये बूमर वेल्सने तिहेरी मुकुट पटकावला, म्हणजे बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत एकाच हंगामात पहिला आला, जपानमध्ये असं करणारा तो पहिला परदेशी खेळाडू. त्या वर्षी लीगही जिंकली. ते ब्रेव्ह्जचं शेवटचं विजेतेपद. 1985 मध्ये टायगर्सनी जपान सिरीज जिंकली आणि अख्खं कानसाई, म्हणजे ओसाका-कोबेचा सगळा प्रदेश, वेडं झालं. हांक्यूकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

मग 1988. सप्टेंबरात नानकाई रेल्वेने आपला हॉक्स संघ डायए या सुपरमार्केट साखळीला विकला, संघ फुकुओकाला निघाला. ओसाकाकर हळहळले. ती हळहळ ओसरायच्या आत हांक्यूची बातमी आली. कोबायाशींनी मरताना ताकाराझुका आणि ब्रेव्ह्ज कधी विकू नका असं सांगितलं होतं, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, लोकांच्या तोंडी ती राहिली यातच सगळं आलं. विकणारेही त्यांच्याच घराण्यातले होते. रंगमंडळ ठेवलं, संघ विकला. घेणाऱ्या ओरिएंट लीजला आपलं नाव बदलून ओरिक्स करायचं होतं आणि ते नवं नाव घरोघरी पोचवायचं होतं. एकाने गाडी भरण्यासाठी संघ काढला, दुसऱ्याने नाव गाजवण्यासाठी घेतला. नव्या मालकांनी ब्रेव्ह्ज हे नाव राहील, निशिनोमिया राहील असं सांगितलं. दोन वर्षं ते राहिलंही.

23 ऑक्टोबर 1988, निशिनोमियात लोटे संघाविरुद्ध शेवटचा सामना. यामादाने निवृत्ती आधीच जाहीर केली होती. त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच चेंडू टाकला आणि जिंकला. मग उएदा निरोपाचं भाषण करायला उभे राहिले. त्यांना म्हणायचं होतं: जाणारा यामादा आणि राहणारा फुकुमोतो. तोंडून निघालं: जाणारा यामादा आणि फुकुमोतो. फुकुमोतोचा निवृत्तीचा विचार नव्हता. चाळिशी पार केली होती, पण त्याला खेळायचं होतं. पत्रकार धावत त्याच्याभोवती जमले, तूही थांबतोयस? आता काय समजावून सांगत बसायचं, असं वाटून तो म्हणाला, हो, थांबतो. उएदांनी नंतर चूक सुधारायचा प्रयत्न केला, पण फुकुमोतोने बोललेला शब्द मागे घेतला नाही. तोवर जगात सर्वाधिक बेस चोरलेल्या माणसाची कारकीर्द एका घसरलेल्या वाक्याने संपली. तो कधी तक्रारीच्या सुरात हे सांगत नाही. मला मात्र वाटतं की त्याचा खेळ त्या संघाशी इतका बांधला गेला होता की संघ संपल्यावर स्वतःसाठी भांडावं असं त्याला वाटलंच नसावं.

1991 मध्ये ब्रेव्ह्ज हे नाव गेलं, संघ कोबेला गेला आणि ब्लूवेव्ह झाला. 1995 च्या भूकंपात कोबे उद्ध्वस्त झालं, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तरुण बॅटर इचिरो सुझुकीच्या या संघाने शहराला उभं राहायला बळ दिलं. हांक्यूच्या जुन्या लोकांपैकी काही त्या संघाबरोबर गेले, काहींनी बेसबॉल पाहणंच सोडलं. दोघांनाही बोल लावता येत नाही.

निशिनोमियाचं स्टेडियम 2002 मध्ये बंद झालं, पुढे पाडलं. 2008 मध्ये त्या जागी हांक्यूनेच मोठा मॉल उघडला. मी तिथे गेलो तेव्हा गच्चीवरच्या बागेत मुलं पाण्यात खेळत होती. तिथेच जमिनीत होम प्लेटची, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेची, खूण बसवलेली आहे, जुन्या मैदानात ती जिथे होती त्या ठिकाणाच्या वर. आत एका दालनात ब्रेव्ह्जचे करंडक, गणवेश आणि जुन्या परिसराची छोटी प्रतिकृती आहे. प्रतिकृतीत स्टेडियम आहे, स्थानक आहे, रुळांचा तो चौक आहे जिथे दोन लाइनी एकमेकींना काटकोनात छेदायच्या. एक आजोबा नातवाला बोट दाखवून सांगत होते की मी इथे बसायचो. नातवाला त्यांनी जागा अगदी नेमकी दाखवली. बसायला तिथे कधीच गर्दी नसायची, त्यामुळे ठरलेली जागा मिळत असणार.

आणि मग इतिहासाने एक वळण घेतलं. 2005 मध्ये एका गुंतवणूकदार फंडाने हानशिन रेल्वेचे शेअर गोळा केले, हानशिन अडचणीत आली, आणि तिला वाचवायला पुढे आली ती हांक्यू. 2006 मध्ये दोन्ही हाडवैरी कंपन्या एका छत्राखाली आल्या. म्हणजे ज्या हांक्यूने संघ विकून बेसबॉल सोडला होता, तिच्या पदरात टायगर्स पडले. 2023 च्या जपान सिरीजमध्ये टायगर्सची गाठ ओरिक्सशी पडली, म्हणजे ब्रेव्ह्जच्या वारसाशी. ओरिक्सने 2004 मध्ये किंतेत्सुचा संघही आपल्यात मिळवून घेतला होता, तेव्हा एका बाजूला दोन गेलेल्या रेल्वे संघांचं रक्त आणि दुसऱ्या बाजूला हांक्यूची मालकी. सात सामने झाले, टायगर्स जिंकले. कोशिएन तुडुंब भरलं होतं. मी मनाने ओरिक्सकडे होतो. ते वेडेपणाचं असेल, पण ज्यांनी संघ सोडला त्यांच्या बाजूने उभं राहणं जमलं नाही.

फुकुमोतो निवृत्तीनंतर समालोचक झाला. कानसाईच्या वाहिन्यांवर त्याचा आवाज गेली कित्येक वर्षं ऐकू येतो, बहुतेक वेळा टायगर्सच्या सामन्यांत, भरलेल्या कोशिएनवरून. एकदा दोन्ही संघांना डावामागून डाव धाव काढता येईना, धावफलकावर शून्यांची रांग लागली. समालोचन कक्षातून फुकुमोतो आपल्या ओसाकाच्या बोलीत म्हणाला, हे तर ताकोयाकीसारखं दिसतंय. ताकोयाकी म्हणजे पिठात ऑक्टोपस घालून साच्यात भाजलेले गोल गोळे, ओसाकाचं लाडकं खाणं. त्यानंतर कानसाईत शून्यांनी भरलेल्या धावफलकाला लोक ताकोयाकीच म्हणू लागले.